कोरियात इंग्रजी शिकवायला जायचंय? आधी पासपोर्टचा नियम वाचा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या करिअरच्या पानावर कोरियात इंग्रजी शिकवण्याच्या नोकऱ्यांबद्दल लेख आला होता, त्याचं कात्रण मला नात्यातल्या चार जणांनी फॉरवर्ड केलं कारण मी दक्षिण कोरियातल्या बुसान शहरात हेच काम करते. लेखात पगार होता, फुकट घर होतं, विमानाचं तिकीट होतं, समुद्राचा फोटो होता आणि "इंग्रजीवर प्रभुत्व असलेल्या तरुणांना सुवर्णसंधी" असं वाक्य होतं. जी गोष्ट सगळ्यात आधी सांगायला हवी होती ती मात्र कुठेच नव्हती, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण कृपया कापाकापी करून फक्त पगाराचा भाग छापू नका.

कोरियात परदेशी माणसाला भाषा शिकवायला जो व्हिसा लागतो त्याला ई-२ म्हणतात. इंग्रजीसाठी हा व्हिसा सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत त्या यादीत नाही. तुमचं इंग्रजी किती चांगलं आहे, आयईएल्टीएसला किती बँड आहेत, एमएला फर्स्ट क्लास आहे का, हे कोणी विचारायच्या आधीच पासपोर्टचा रंग बघितला जातो. मी शाळेत असतानाच आईबाबांबरोबर कॅनडात गेले, तिथेच पदवी घेतली, तिथलं नागरिकत्व आहे, म्हणून मला हा व्हिसा मिळाला. घरात आम्ही मराठीच बोलतो आणि माझं इंग्रजी माझ्या भारतातल्या बहिणींपेक्षा काही वेगळं नाही, फरक आहे तो फक्त पासपोर्टचा.

भारतीयांसाठी एक दार आहे, ते पण नीट सांगायला हवं. भारत आणि कोरियात 'सेपा' नावाचा आर्थिक करार झाला, सही ऑगस्ट २००९ मध्ये आणि अंमल १ जानेवारी २०१० पासून. त्या करारामुळे भारतीय नागरिकाला कोरियाच्या शाळांमध्ये इंग्रजीचा सहायक शिक्षक म्हणून ई-२ मिळू शकतो, पण अट अशी की पदवी हवी आणि शिवाय इंग्रजी विषय शिकवण्याची शिक्षकाची पात्रता हवी, म्हणजे आपल्याकडे बीएड वगैरे असतं ते. आणि हे फक्त प्राथमिक-माध्यमिक शाळांपुरतं. खासगी क्लास, ज्यांना इथे हागवन म्हणतात आणि जिथे परदेशी शिक्षकांच्या नोकऱ्या भरपूर असतात, तिथे भारतीय पासपोर्टवर ई-२ नाही. म्हणजे नुसतं बीए, बीकॉम, इंजिनीअरिंग केलेल्या आणि फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी ही "सुवर्णसंधी" मुळात नाहीच, आणि बीएडवाल्यांसाठी आहे ती कागदावर आहे. मला बुसानमध्ये आजवर त्या वाटेने आलेला एकही भारतीय शिक्षक भेटलेला नाही.

आता कोणी म्हणेल एवढं काय, एक मुद्दा राहून गेला लेखात. पण राहून गेलेल्या मुद्द्याचे पैसे कोणीतरी भरतं. कात्रण आल्यावर आठवडाभरात मला ओळखीच्या ओळखीतून एका मुलाचा मेसेज आला, एजंटने दीड लाख रुपये मागितलेत, "आधी टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे क्लासवाला व्हिसा बदलून देईल" असं सांगितलंय, ताई हे खरं आहे का. हे खरं नाहीये हो. टुरिस्ट व्हिसावर एक तास जरी शिकवलं तरी ते बेकायदा काम, सापडलं तर दंड, हद्दपारी आणि पुढची काही वर्षं कोरियाचं दार बंद. आणि क्लासवाल्याच्या हातात व्हिसा बदलून देणं नसतंच, ते इमिग्रेशन ऑफिस ठरवतं, आणि जे राष्ट्रीयत्वच यादीत नाही त्याला क्लासवाला काय बदलून देणार. अजून एक खूण सांगते, इथे भरती करणाऱ्या एजन्सीला पैसे शाळा किंवा हागवन देतो, शिक्षक देत नाही. जो एजंट शिक्षकाकडे पैसे मागतो त्याच्याशी बोलणंच थांबवायचं.

माझी बुसानमधली मैत्रीण आहे, नाव लिहीत नाही, भारतीय पासपोर्ट, इंग्रजीत एमए, बीएड, भारतात आठवी ते दहावीला शिकवायची. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आली, तिचा व्हिसा एफ-३ म्हणजे अवलंबित कुटुंबीयाचा, त्यावर परवानगीशिवाय काम करता येत नाही. सेपाच्या नियमात ती तंतोतंत बसते, तिने सगळी कागदपत्रं अपोस्टिल करून, म्हणजे परदेशात चालावीत म्हणून सरकारी शिक्का घेऊन, अर्ज पाठवला, पण भरतीवाल्यांकडून साधं उत्तर पण आलं नाही. फोन केला तर पलीकडच्या माणसाला हा नियमच माहीत नव्हता, ती त्याला करारातलं कलम वाचून दाखवतेय आणि तो म्हणतोय की सात देशांची यादी आहे मॅडम. त्या दिवशी ती माझ्या घरी येऊन रडली आणि मला काय बोलावं कळेना, कारण माझ्याकडे बीएड नाही, मी शिक्षिका म्हणून शिकलेलीच नाही, माझी पदवी जीवशास्त्रातली आहे, आणि मला हेउंदे या भागाच्या बाजूच्या हागवनने एका व्हिडिओ कॉलवर घेतलं. ई-२ साठी सात देशांच्या नागरिकाला पदवी कुठल्याही विषयातली चालते, बरोबर गुन्हा नसल्याचा दाखला आणि आल्यावर मेडिकल, ज्यात ड्रग टेस्ट असते. बास. शिकवता येतं का हे फारसं कोणी बघत नाही.

मला जे मनापासून सांगायचंय ते हेच आहे. कोरियन मुलांना इंग्रजी शिकवायला दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकलेला माणूस जास्त चांगला असतो, आणि मराठी माणूस तर फारच चांगला. वर्गात रोज बघते म्हणून सांगते. कोरियन वाक्यात क्रियापद शेवटी येतं, आपल्यासारखंच. नामाला मागून प्रत्यय लागतात, आपल्यासारखेच. 'ए', 'अॅन', 'द' असलं काही त्यांच्या भाषेत नाही, आपल्याही नाही. त्यामुळे नऊ वर्षांचा पोरगा जेव्हा "आय येस्टरडे स्कूल वेंट" म्हणतो तेव्हा माझ्या बाजूच्या वर्गातला माझा अमेरिकन सहकारी, माणूस अतिशय भला, पण तो म्हणतो चूक, असं म्हण, आणि बरोबर वाक्य सांगतो. का चूक हे त्याला सांगता येत नाही कारण तो कधी चुकलेलाच नाही. मला दिसतं की हा पोरगा मनात कोरियन वाक्य मांडतोय आणि शब्द जागच्या जागी बदलतोय, कारण घरात मराठी आणि शाळेत इंग्रजी करताना मी पण तेच करायचे, माझी आई अजून करते. मग मी फळ्यावर क्रियापदाला ओढून कर्त्याच्या मागे आणून बसवते, पोरं हसतात, आणि दुसऱ्या दिवशी तीच चूक जरा कमी होते. माझी ती बीएडवाली मैत्रीण हे माझ्यापेक्षा दहापट चांगलं करेल. तिने हे वर्षानुवर्षं केलंय, पन्नास पन्नास मुलांच्या वर्गात.

आणि इथल्या मुलांना कशाची गरज आहे ते पण बघा. कोरियात १९९७ पासून प्राथमिक शाळेत तिसरीपासून इंग्रजी आहे. सरकारी शाळांमध्ये परदेशी शिक्षक आणण्याचा 'एपिक' नावाचा कार्यक्रम १९९५ पासून चालू आहे. शाळा सुटली की मुलं पिवळ्या व्हॅनमध्ये बसून हागवनला, एक गणिताचा, एक इंग्रजीचा, कोणाचा पियानो, कोणाचा तायक्वांदो. २०२४ मध्ये कोरियन पालकांनी शाळकरी मुलांच्या खासगी शिकवण्यांवर २९ लाख कोटी वॉनच्या वर खर्च केला, आपल्या पैशात पावणेदोन लाख कोटी रुपयांच्या आसपास, आणि दर दहातली आठ मुलं कुठल्या ना कुठल्या क्लासला जातात. सोलमध्ये देची-दोंग नावाचा भागच्या भाग हागवनांनी भरलाय, आणि तिथल्या नावाजलेल्या इंग्रजी क्लासांना प्रवेश मिळावा म्हणून चार वर्षांच्या पोरांची परीक्षा घेतात, तिला लोक "चार वर्षांची स्पर्धा परीक्षा" म्हणतात, २०२५ मध्ये त्यावरून देशभर ओरड झाली. एका लष्करी हुकूमशहाने १९८० मध्ये शिकवण्यांवर बंदीच घातली होती, ती पुढे घटना न्यायालयाने २००० मध्ये रद्द केली. आता सोलमध्ये रात्री दहानंतर क्लास चालवायचा नाही असा नियम आहे. दहा! म्हणजे पोरं रात्री दहापर्यंत क्लासमध्ये असतात हे धरूनच नियम केलाय.

हे सगळं कशासाठी तर नोव्हेंबरमधल्या एका गुरुवारसाठी. त्या दिवशी सुनुंग असते, विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा. सरकारी ऑफिसं, बँका एक तास उशिरा उघडतात, उशीर झालेल्या मुलाला पोलीस गाडीवर बसवून केंद्रावर सोडतात, आणि इंग्रजीचे ऐकण्याचे प्रश्न चालू असतात तेव्हा देशभर विमानांचं उड्डाण आणि उतरणं पस्तीस मिनिटं थांबवतात. मी त्या दुपारी क्लासच्या खिडकीत उभी होते, आवाज नाही, हॉर्न नाही, आणि आमच्या सेंटरमधल्या कोरियन मॅडम, ज्यांचा मुलगा आत होता, त्या डोळे मिटून बसल्या होत्या. इंग्रजीच्या पेपरात ४५ प्रश्न, ७० मिनिटं, त्यातले १७ ऐकून सोडवायचे. बोलायचा एकही नाही. त्यामुळे बारावीतला मुलगा असे उतारे सोडवतो की मलाच दोनदा वाचायला लागतात, आणि त्यालाच लिफ्टमध्ये "हाऊ वॉज युअर डे" विचारलं की मान खाली. भीती वाटते त्यांना. चुकू, लोक हसतील, ही भीती. ही भीती आपल्या मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पाठ आहे, आणि ती कशी जाते हे सुद्धा आपल्या शिक्षकांना पाठ आहे. म्हणून मला वाटतं की भारताला यादीबाहेर ठेवून नुकसान आपल्यापेक्षा त्या पोरांचं जास्त होतंय.

गोऱ्या कातडीचा मुद्दा टाळून हे पत्र पूर्ण होणार नाही. सात देशांचा पासपोर्ट असला तरी अर्जाबरोबर फोटो मागतात, आणि फोटो बघून उत्तर येणं थांबतं हे माझ्या बाबतीत झालंय, माझ्या ओळखीच्या आफ्रिकन-अमेरिकन, चिनी वंशाच्या कॅनेडियन शिक्षकांच्या बाबतीत झालंय. पहिल्या महिन्यात एका पालकांनी संचालकांना विचारलं की टीचर खरंच कॅनडाची आहे का. संचालकांनी मला बोलावून माझ्या पदवीची प्रत पालकांना दाखवू का असं विचारलं, मी म्हटलं दाखवा. त्या पालकांची मुलगी आज माझ्या वर्गात सगळ्यात जास्त बोलते आणि त्याच बाई मला चुसोकच्या सणाला पेअरची पेटी पाठवतात, इथले पेअर नारळाएवढे असतात. माणसं वाईट नाहीत. त्यांच्या डोक्यात इंग्रजी म्हणजे एक विशिष्ट चेहरा बसलाय आणि सात देशांची यादी तो चेहरा अजून पक्का करते.

ज्यांच्याकडे बीएड आहे किंवा ज्यांच्या नात्यात परदेशी नागरिकत्व असलेली मुलं आहेत त्यांच्यासाठी आता कामाचं सांगते, कारण लेखातला पगार बरोबर होता पण ती अर्धीच गोष्ट होती. हागवनमध्ये नवीन शिक्षकाला महिना साधारण २१ ते २५ लाख वॉन मिळतात, म्हणजे सव्वा ते दीड लाख रुपये. ऐकायला मोठं वाटतं. पण २०२५ ला कोरियाचं किमान वेतन तासाला १०,०३० वॉन होतं, पूर्णवेळ कामाला महिना २०,९६,२७० वॉन. म्हणजे आपल्याला जो "परदेशी शिक्षकाचा पगार" म्हणून सांगतात तो किमान वेतनाला चिकटून आहे. घर देतात हे खरं, एका खोलीचं असतं, जमीन खालून गरम होते त्याला ओंदोल म्हणतात, हिवाळ्यात फार सुख. कचरा महापालिकेच्या ठरलेल्या पिशव्यांमध्येच टाकायचा, त्या पिशव्या दुकानात विकत मिळतात. आल्यापासून नव्वद दिवसांत परदेशी नोंदणीचं कार्ड काढायचं, त्याशिवाय फोन, बँक काहीच धड होत नाही. मेट्रो स्वस्त आणि वक्तशीर. बुसान सोलपेक्षा मोकळं, समुद्र आहे, लोक मोठ्याने बोलतात, मला आवडतं. शाकाहारी असाल तर मात्र जपून, किमचीमध्येसुद्धा बहुतेक वेळा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा सॉस असतो.

खरं वाचायचं असतं ते काँट्रॅक्ट. इथे कायदा असा आहे की एका मालकाकडे वर्षभर काम पूर्ण केलं की सुमारे एका महिन्याच्या पगाराएवढी रक्कम नोकरी सोडताना मिळालीच पाहिजे, परदेशी असो की कोरियन. म्हणून काही हागवन काय करतात तर अकराव्या महिन्यात काहीतरी खुसपट काढून शिक्षकाला काढतात. अजून एक फार चालणारी गोष्ट म्हणजे शिक्षकाला नोकर न दाखवता फ्रीलान्सर दाखवायचं, पगारातून ३.३ टक्के कर कापायचा आणि झालं, पेन्शन नाही, कामगार म्हणून आरोग्य विमा नाही, वर्षअखेरचे पैसे नाहीत. ई-२ वर ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळेला येऊन शिकवणारा माणूस फ्रीलान्सर कसा असेल? माझ्या आधीच्या क्लासने हेच केलं. पगारपत्रकात ३.३ बघितल्यावर मी लेबर ऑफिसला तक्रार दिली, कामगार मंत्रालयाची १३५० ही फोन लाइन आहे, आणि इमिग्रेशनची १३४५ आहे जिथे इंग्रजीतही बोलता येतं. भांडण चाललं काही महिने, पण पैसे मिळाले. तक्रार केली की व्हिसा जाईल असं घाबरवतात, त्याला घाबरू नका. हां, हे मात्र खरं की ई-२ त्या मालकाशी बांधलेला असतो, काँट्रॅक्टच्या मधेच दुसरीकडे जायचं तर जुन्या मालकाचं सोडण्याचं पत्र मागतात, आणि बरेच मालक त्याच पत्रावर शिक्षकाला धरून ठेवतात. म्हणून सही करायच्या आधी तिथे आत्ता काम करणाऱ्या किंवा नुकतंच सोडलेल्या शिक्षकाशी स्वतः बोला. जो हागवन असा नंबर द्यायला नाही म्हणतो तिथे जाऊ नका. आणि घरी खासगी शिकवणी घेऊन वरचे पैसे कमवू असा विचार कोणी करत असेल तर ई-२ वर ते बेकायदा आहे.

सरकारी शाळेत वेगळं असतं. आठवड्याला २२ तास शिकवणं, बरोबर कोरियन शिक्षिका, संध्याकाळी घरी. भारतीय बीएडधारकासाठी जी काही वाट आहे ती इथलीच. पण तिथेही आता जागा कमी होत चालल्यात कारण पोरंच कमी होत चाललीयेत, २०२३ मध्ये इथला जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, ०.७२ वर आला होता, जगात सगळ्यात कमी, पुढे जरासा वर सरकला एवढंच. माझ्या घराजवळच्या शाळेत जुन्या फोटोंमध्ये एका इयत्तेच्या सहा-सहा तुकड्या दिसतात, आता दोन आहेत. त्यामुळे "कोरियात शिक्षकांची प्रचंड मागणी" हे लेखातलं वाक्य दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं आहे.

हे नियम दगडावरची रेघ नाहीत. पूर्वी ई-२ वाल्या शिक्षकांना एचआयव्हीची सक्तीची चाचणी होती, तीच नोकरी करणाऱ्या कोरियन शिक्षकांना नव्हती. एका परदेशी शिक्षिकेने ती चाचणी पुन्हा द्यायला नकार दिला, नोकरी गेली, ती प्रकरण घेऊन संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीपर्यंत गेली, २०१५ मध्ये समितीने तिच्या बाजूने मत दिलं, मग कोरियाच्याच मानवाधिकार आयोगाने सरकारला सांगितलं, आणि २०१७ मध्ये चाचणी बंद झाली. एका बाईने नाही म्हटलं म्हणून झालं हे. मग आपला एवढा मोठा देश, ज्याच्याशी कोरियाचा करार आहे, आणि तो करार सुधारायची बोलणी २०१६ पासून चालू आहेत, त्या बोलण्यांमध्ये इंग्रजी शिक्षकांचा विषय कोणी लावून धरला का? स्टील, गाड्या, कस्टम ड्युटी यावर बातम्या येतात. शिक्षकांवर मी तरी वाचली नाही. करारात जे दार ऑलरेडी आहे ते खरोखर उघडं आहे का, भरती करणाऱ्या कोरियन ऑफिसांना ते माहीत आहे का, एवढं तरी आपल्या सोलमधल्या दूतावासाने विचारावं. आणि दार फक्त सहायक शिक्षकापुरतं आणि फक्त शाळांपुरतं का, हे पण विचारावं. माझ्या मैत्रिणीसारख्या पात्र शिक्षिका व्हिसाच्या एका अक्षरापायी घरी बसल्यात, आणि मुलाखतीत "यू आर नेटिव्ह, नो प्रॉब्लेम" म्हणून आम्हाला घेतात, हे मला वर्गात उभं राहताना रोज टोचतं.

तेव्हा संपादक महोदय, दोन विनंत्या. त्या लेखाची दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा, की भारतीय पासपोर्टवर खासगी क्लासमध्ये इंग्रजी शिकवण्याचा ई-२ व्हिसा मिळत नाही, शाळेतल्या सहायक शिक्षकाच्या जागेला पदवी आणि शिक्षकाची पात्रता लागते, आणि यासाठी एजंटला एक रुपया देऊ नये. शंका असेल त्याने मुंबईतल्या कोरियन वाणिज्य दूतावासात स्वतः चौकशी करावी. आणि दुसरी अशी की तुमच्या दिल्लीच्या प्रतिनिधींना सांगून वाणिज्य मंत्रालयाला विचारा की सेपाच्या शिक्षकांच्या तरतुदीतून २०१० पासून आजवर किती भारतीय शिक्षक कोरियात गेले. तो आकडा छापा. ज्या मुलाने मला मेसेज केला होता त्याने अजून एजंटला पैसे दिलेले नाहीत, त्याला मी हे पत्र पाठवणार आहे, पण तसेच बाकीचे जे कोणी आहेत त्यांच्यापर्यंत मी पोचू शकत नाही, तुम्ही पोचू शकता.

आपली,
एक वाचक, बुसान, दक्षिण कोरिया
(कृपया नाव छापू नये)